डाऊनीला औषधाची सवय लागते, म्हणजे नेमके काय होते?

निफाड तालुक्यातील एका तरुण द्राक्षबागायतदाराने डाऊनी या द्राक्षाच्या पानांवरील रोगाबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "तीन वर्षांपूर्वी ज्या औषधाने पोंगा अवस्थेतली (नवे फुटवे निघतानाची) डाऊनी हमखास थांबत होती, ते औषध गेल्या हंगामात एकदम फेल गेले. दुकानदार म्हणतो, बुरशीला सवय लागली. ही सवय पुढच्या पिढीत उतरते कशी? उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात असे शाळेत शिकलो होतो, मग ती माझ्या दोन एकरांत तीन हंगामांत कशी झाली? आणि दोन वर्षे ते औषध बंद ठेवले, तर पुन्हा चालेल का?"

नाशिक परिसरातील बागांमध्ये रोगांचे नमुने गोळा करणे आणि प्रयोगशाळेत त्यांची औषधांवर चाचणी घेणे, हे काम मी २६ वर्षे करत आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बहुतेक प्रत्येक हंगामात कानावर येतो, आणि सगळा घोळ 'सवय' या एका शब्दात आहे असे माझे मत आहे. रोज दारू पिणाऱ्या माणसाला सवय लागते, तेव्हा बदल त्या एका माणसाच्या शरीरात होतो. तुमच्या बागेत तसे काहीच झालेले नाही. जो जंतू औषधाने मरणारा होता तो मेला. त्याने काही शिकून घेतले नाही आणि मुलाबाळांना काही शिकवलेही नाही. बदलले ते एवढेच, की एकूण जंतूंमध्ये आधीपासूनच न मरणारे असे जे थोडे होते, त्यांचा वाटा वाढला. लोकसंख्या-अनुवंशशास्त्रात उत्क्रांतीची व्याख्या इतकीच साधी आहे: एखाद्या जीवसमूहात जनुकाच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण पिढ्यांगणिक बदलणे. त्या व्याख्येत लाखो वर्षांची अट नाही. मोजायचे आहे ते पिढ्यांत, आणि अनुकूल हवामानात डाऊनीची एक पिढी साधारण पाच ते सात दिवसांत पूर्ण होते.

जाता जाता सांगतो, की डाऊनीला आपण बुरशी म्हणत असलो तरी ती खरी बुरशी नव्हे. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा जीव ऊमायसीट गटातला आहे, शैवालांचा दूरचा नातलग. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात शेपट्या हलवत पोहतात. या माहितीचा उपयोग पुढे होणार आहे.

आता मूळ प्रश्न असा, की न मरणारे ते थोडे आले कुठून? औषधामुळे ते तयार झाले, असे पुष्कळांना वाटते. या शंकेचा निकाल १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी जिवाणूंवरील प्रयोगाने लावला. त्यांनी पुष्कळ नळ्यांमध्ये जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग सर्वांना एकाच विषाणूसमोर आणले. विषाणूच्या स्पर्शाने प्रतिकार निर्माण होत असता, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच जिवाणू वाचायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक नळ्यांत एकही नाही किंवा एखाददुसरा, आणि एखाद्या नळीत मात्र शेकड्याने, असे दिसले. म्हणजे बदल आधीच, वाढीच्या काळात, केव्हातरी आपोआप झाला होता. ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्याचा वंश मोठा झाला. पुढे १९५२ मध्ये लेडरबर्ग दांपत्याने मखमलीच्या कापडाने जिवाणूंच्या वसाहतींचे ठसे उचलून हीच गोष्ट आणखी थेट दाखवली. विषाणूचे किंवा औषधाचे तोंडही न पाहिलेल्या मूळ वसाहतींत प्रतिकारक जिवाणू सापडले.

तुमच्या औषधाच्या बाबतीत हा बदल नेमका कोणता, हे माहीत आहे. प्रश्नातील औषध स्ट्रोबिल्युरिन गटाचे आहे. हा गट पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतील सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटतो आणि ऊर्जानिर्मिती बंद पाडतो. त्या प्रथिनाच्या साखळीत १४३व्या जागी ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते. तिथे ॲलनीन आले, की औषधाला बसायला जागाच उरत नाही. जनुकात एक अक्षर बदलले की काम झाले. असा बदल एका विवक्षित जागी होण्याची शक्यता अब्जात एक धरली, तरी रोग भरात असताना एका एकरावर किती बीजाणुधानी (बीजाणूंच्या पिशव्या) तयार होतात याचा विचार करा. पानाखालच्या एका मोठ्या पांढऱ्या डागावर त्या हजारोंनी असतात. लाखभर डाग आणि प्रत्येकी दहा हजार असा हिशेब केला, तर संख्या अब्जावर जाते. म्हणजे जिथे रोग माजू दिला, तिथे हा बदल प्रत्येक पिढीत कुठेतरी एकदा घडतच असतो, औषध फवारा किंवा फवारू नका. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला असा आपोआप होणारा बदल, कच्चा माल पुरवते. त्याचे प्रमाण वाढवण्याची ताकद त्याच्यात जवळजवळ नसते.

प्रमाण वाढवते ती निवड. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा स्वतः करा, असे मी प्रत्येकाला सांगतो. समजा, सुरुवातीला १० लाख जंतूंमागे १ प्रतिकारक आहे. एका फवारणीत साध्या जंतूंपैकी ९५ टक्के मरतात, प्रतिकारक एकही मरत नाही, आणि पुढच्या फवारणीपर्यंत उरलेल्यांची वाढ होऊन संख्या पुन्हा पूर्वीइतकी होते. म्हणजे प्रत्येक फवारणीनिशी प्रतिकारकांचे साध्यांशी असलेले गुणोत्तर २० पट होते. पहिल्या फवारणीनंतर १० लाखांत २०, दुसरीनंतर ४००, तिसरीनंतर ८,०००, म्हणजे अजूनही १ टक्क्याच्या आत. इथपर्यंत बागेत काहीच जाणवत नाही. औषध उत्तम चालते आहे असेच दिसते, आणि ते खरेही असते. चौथ्या फवारणीनंतर हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते आणि पाचवीनंतर ७६ टक्के. औषध 'एकदम' फेल जाते ते असे. एकदम काहीच झालेले नसते. वाढ पहिल्या दिवसापासून त्याच गतीने चालू असते, फक्त ती डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी शेवटच्या दोन फवारण्यांत होते. बागायतदार मला सांगतात की शेवटच्या औषधाच्या डब्यातच भेसळ होती. कधीकधी असतेही, परंतु हा हिशेब पाहिला की भेसळीची गरज उरत नाही.

या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की जनुकाचे रूप बदलले की लगेच जंतू प्रतिकारक होतो. स्ट्रोबिल्युरिनपुरते ते बरोबर आहे, कारण सायटोक्रोम बीचे जनुक मायटोकॉन्ड्रियात असते, ते फक्त मातेकडून येते आणि त्याची दुसरी, झाकून ठेवणारी प्रत नसते. परंतु डायमेथोमॉर्फ, मॅन्डीप्रोपॅमिड, इप्रोव्हॅलिकार्ब या गटाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त उद्बोधक वाटते. हा गट सेल्युलोज बनवणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. डाऊनीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते हे वर सांगितलेच. इथला प्रतिकार केंद्रकातील जनुकावर आहे आणि तो अप्रभावी आहे. जंतूकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही बदललेल्या असतील तरच तो वाचतो, एक बदललेली आणि एक मूळची असेल तर मरतो.

अशा वेळी १९०८ सालचा हार्डी आणि वाइनबर्ग यांचा नियम कामाला येतो. हार्डी हे केंब्रिजचे गणिती आणि वाइनबर्ग हे जर्मन डॉक्टर. दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले, की मोठ्या समूहात जोड्या सरमिसळ जुळत असतील आणि निवड, उत्परिवर्तन, ये-जा यांपैकी काही चालू नसेल, तर जनुकरूपांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते, आणि दोन प्रतींच्या जोड्या त्या प्रमाणांच्या गुणाकाराने ठरतात. समजा बदललेल्या रूपाचे प्रमाण १०० मागे १ आहे. तर दोन्ही प्रती बदललेले जंतू १०,००० मागे फक्त १ असतील, आणि एकच प्रत बदललेले १९८. जवळजवळ सगळा प्रतिकार असा दडून बसलेला असतो, आणि औषध त्याला साध्या जंतूंइतकेच मारते. प्रमाण हजारात १ असेल, तर वरच्यासारखीच ९५ टक्के मारणारी एक फवारणी ते प्रमाण २० पट नव्हे, जेमतेम १.०२ पट करते. कापसातील गुलाबी बोंडअळीसाठी बीटी (अळीनाशक जनुक घातलेल्या) वाणाच्या कडेने बिगर-बीटी ओळी लावायला सांगितल्या जात होत्या, त्यामागे हाच विचार होता. त्या ओळींतून निघालेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होऊन पुढची पिढी एकेरी प्रतीची, म्हणजे बीटीने मरणारी, व्हावी. मालेगाव-येवल्याकडच्या कापूस उत्पादकांना बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणारी ती छोटी पुडी आठवत असेल. बहुतेकांनी ती बांधावर टाकली, आणि अळीचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

मग डाऊनीतही हाच उपाय का करू नये? चारदोन ओळी बिनफवारणीच्या ठेवाव्यात, असा सल्ला मी एका चर्चासत्रात ऐकला आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. पतंगाला दर पिढीला जोडी शोधावी लागते. डाऊनी हंगामात जोडीशिवाय वाढते; पानाखाली येणारी पांढरी लव म्हणजे त्याच जंतूच्या हुबेहूब नकला असतात. त्यामुळे दोन्ही प्रती बदललेला एक जंतू एकदा का तयार झाला, की त्याचा वंश पुन्हा २० पटीनेच वाढतो. साध्या जंतूंशी संकर होऊन त्याचे पाणी होत नाही. लैंगिक बीजाणू तयार होतात तेव्हाच पत्ते पिसले जातात, आणि पिसताना दोन वेगवेगळ्या औषधांचे प्रतिकार एकाच जंतूत एकत्र येण्याचा धोकाही असतो. बिनफवारणीच्या ओळींनी मिळेल ते फक्त रोगाचे आगर.

आता दैवाचा भाग. निवड इतकी जोरकस असताना नशिबाला जागा कुठे, असे वाटेल. पण जनुकाचे नवे रूप अगदी विरळ असते तेव्हा त्याचे भवितव्य मुख्यतः नशिबावरच असते. ज्या पानावर ते जन्मले ते पान वाळले, बीजाणू रात्री दवाऐवजी कोरड्या मातीत पडला, की संपले. ब्रिटिश अनुवंशशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२७ मध्येच हिशेब मांडला होता, की १ टक्का फायदा देणारे नवे रूपही १०० पैकी ९८ वेळा नष्ट होते. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथेच राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

नशिबाचा हा खेळ, ज्याला जनुकीय विचलन म्हणतात, समूह लहान असताना सर्वांत जोरात चालतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मे महिन्याच्या उन्हात डाऊनी जवळजवळ दिसेनाशी होते आणि पावसाळ्यात पुन्हा उसळते. अशा चढउताराच्या समूहाचा खरा, परिणामकारक आकार साध्या सरासरीने निघत नाही; तो सर्वांत लहान संख्येकडे झुकतो. तीन टप्प्यांत १ कोटी आणि एका टप्प्यात १०० अशी संख्या असेल, तर परिणामकारक आकार येतो जेमतेम ४००. त्या चिंचोळ्या महिन्यातून कोण पार पडले, यावर पुढचे सारे ठरते. ओझरजवळ एका बांधाच्या दोन बाजूंना दोन भावांच्या बागा आहेत. फवारणीची डायरी एकच, ब्लोअर एकच, वाण एकच. एका वर्षी दोन्हींतले नमुने तपासले, तर एका बागेतले बहुतेक सगळे प्रतिकारक आणि दुसऱ्या बागेत त्यांचा मागमूस नाही. धाकट्या भावाने थोरल्याच्या फवारणीला नावे ठेवली. माझ्या मते त्यात फवारणीचा दोष नव्हता. उन्हाळ्यात कोणत्या चार पानांवर काय उरले, एवढाच फरक होता.

अर्थात तो फरक टिकला नाही. पुढच्याच ऑक्टोबरात, गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या बागेतही प्रतिकारक दिसू लागले. बीजाणू बहुधा थेंबांच्या उडण्याने काही मीटरच जातात, पण वाऱ्यावर थोडे दूरही पोचतात, आणि थोडे पुरेसे असतात. अमेरिकी अनुवंशशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांच्या गणिताप्रमाणे दर पिढीला सरासरी एक पाहुणा आला, तरी केवळ नशिबाने दोन समूहांत फार अंतर पडू शकत नाही. डाऊनीचा सगळा इतिहासच या पाहुणचाराचा आहे. ती मूळची उत्तर अमेरिकेची. १८७०च्या दशकात फ्रान्समध्ये आली, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसते की दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चीन या ठिकाणी ती थेट अमेरिकेतून नव्हे, तर युरोपातून पोचली. म्हणजे मूठभर आलेल्यांच्या वंशाने जगभरच्या बागा व्यापल्या.

या शर्यतीत वेलीची बाजू मात्र जागीच उभी आहे. थॉमसन सीडलेसची प्रत्येक वेल काडीपासून केलेली, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकाच वेलीचा विस्तार. तास-ए-गणेश आणि सोनाका ही त्यातूनच निघालेली, डोळस बागायतदारांनी फांदीवर ओळखलेली उत्परिवर्तने. निवड त्यांची घडाच्या आणि मण्याच्या दिसण्यावर झाली, रोगप्रतिकारावर नाही. जंतू आठवड्याला एक पिढी पुढे जातो आणि वेल शंभर वर्षांपूर्वी होती तीच आहे.

मिश्रणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. मॅन्कोझेबसारखे किंवा मोरचूद-चुन्याच्या बोर्डोसारखे औषध जंतूच्या पेशीत अनेक ठिकाणी एकदम घाव घालते, म्हणून एका अक्षराच्या बदलाने त्यातून सुटका होत नाही; बोर्डो १८८५ पासून वापरात आहे आणि आजही चालते. असे औषध स्ट्रोबिल्युरिनमध्ये मिसळले की प्रतिकार थांबतो, असे सर्रास सांगितले जाते. नीट पाहिले तर तसे नाही. मॅन्कोझेब साध्यांना आणि प्रतिकारकांना सारखेच मारते, त्यामुळे गुणोत्तर तसेच २० पटीने वाढत राहते. फायदा वेगळा आहे: एकूण संख्या वाढत नाही, संख्या कमी म्हणून नव्या उत्परिवर्तनांची संधी कमी, आणि विरळ प्रतिकारक नशिबाने नाहीसे होण्याची शक्यता जास्त. म्हणून मिश्रण करावे, पण ते केले म्हणजे त्याच गटाच्या पाच फवारण्या घ्यायला हरकत नाही, असा अर्थ काढू नये. मात्रा वाढवूनही इथे काही साधत नाही. जो जंतू दुप्पट औषधानेही मरत नाही, त्याच्यासाठी दुप्पट मात्रा म्हणजे स्पर्धकांचा आणखी कडक बंदोबस्त.

औषध बदलताना एक चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बागायतदाराला अ‍ॅझोक्सिस्ट्रोबिन या स्ट्रोबिल्युरिननंतर 'बदल' म्हणून फॅमोक्साडोन असलेले औषध लिहून दिले. नाव वेगळे, कंपनी वेगळी, रासायनिक घराणेही वेगळे. पण दोन्ही चिकटतात त्याच प्रथिनाच्या त्याच जागी. त्यातल्या जोडीच्या सायमोक्सॅनिलने थोडी लाज राखली, इतकेच. फेनामिडोनही त्याच पंगतीतले. म्हणून नावाऐवजी, औषध कसे काम करते त्यावरून ठरलेला गटाचा क्रमांक पाहावा. ही तिन्ही ११व्या गटात येतात, डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपॅमिड ४०व्या, मेटॅलॅक्झिल ४थ्या. ११ नंतर ११ हा बदल नव्हे.

राहिला शेवटचा प्रश्न, बंद ठेवले तर पुन्हा चालेल का. औषध नसताना प्रतिकारक जंतूला काही तोटा होत असेल, तरच त्याचे प्रमाण घटेल; तोटा नसेल तर ते आहे तिथेच हेलकावे खात राहील. समजा तोटा आहे, दर पिढीला ५ टक्क्यांचा, म्हणजे चांगलाच मोठा. तरीही ७६ टक्क्यांवरून १ टक्क्यावर यायला सुमारे ११२ पिढ्या लागतात. वर्षाला १५ ते २० पिढ्या धरल्या, तर साडेपाच ते साडेसात वर्षे. चढायला पाच फवारण्या पुरल्या होत्या. आणि १ टक्क्यावर आले तरी पहिल्यासारखे १० लाखांत १ झालेले नसते. पुन्हा तेच औषध धरले, तर दुसऱ्याच फवारणीनंतर ते ८० टक्क्यांवर जाईल. दोन वर्षांच्या विश्रांतीने फार काही हाती लागणार नाही.

तेव्हा अंदाजावर न जाता चाचणी करून घ्या. पहिला तेलकट डाग दिसला, की ते पान ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी खालच्या बाजूला पांढरी लव येईल. तशी आठ-दहा पाने बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, ऊन चढण्यापूर्वी प्रयोगशाळेत पोचवा. कोवळ्या निरोगी पानाच्या चकत्या औषधाच्या पाण्यावर पालथ्या तरंगत ठेवून त्यांवर ही लव लावली, की सहा-सात दिवसांत दिसते. चकत्या हिरव्या राहिल्या तर औषध मर्यादेत वापरता येईल. आठपैकी तीन-चार नमुन्यांच्या चकत्या पांढऱ्या झाल्या, तर या हंगामात ११व्या गटावर खर्च करू नका.